रायफलच्या नळीची लांबी आणि गोळीचा वेग: दहा सेंटिमीटरचा हिशेब नेमका काय?

मोजपट्टी

लक्ष्यवेधाच्या सरावासाठी मी सध्या .३०८ विंचेस्टर या एकाच काडतुसाच्या दोन रायफली आलटून पालटून वापरतो. एकीची नळी ६१ सेंटिमीटरची आहे आणि दुसरीची ५१ सेंटिमीटरची. नळी जितकी लांब तितका गोळीचा वेग जास्त, हे वर्षानुवर्षे ऐकत आल्यामुळे पहिली रायफल चांगलीच वेगवान निघेल, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. गेल्या आठवड्यात क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, मांडून दोन्हींतून एकाच खोक्यातली दहा-दहा काडतुसे झाडली, तेव्हा दोन्ही सरासऱ्या अगदी शेजारी-शेजारी आल्या. इतकेच नव्हे, तर आखूड नळीच्या काही गोळ्या लांब नळीच्या काही गोळ्यांपेक्षा वेगवान निघाल्या.

माझे प्रश्न असे आहेत. नळीच्या लांबीने वेग खरोखर किती वाढतो? तो सर्व काडतुसांत सारखाच वाढतो का? आणि जो काही फरक पडतो, तो लक्ष्यावर जाणवण्याइतका असतो का? ज्यांनी या विषयात हात घातला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दाबाचा_आलेख

प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो. काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो गोळीला मागून ढकलतो. हा दाब नळीभर सारखा नसतो. .३०८ मध्ये तो चार हजार बारांच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट चढतो; पण हे शिखर येते तेव्हा गोळी आपल्या जागेवरून जेमतेम पाचेक सेंटिमीटर सरकलेली असते. त्यानंतर गोळी पुढे धावते, तिच्या मागची जागा वाढत जाते आणि दाब झपाट्याने उतरतो. ६१ सेंटिमीटरच्या नळीच्या तोंडाशी तो ढोबळमानाने ६०० बारांवर आलेला असतो.

हे आकडे रेट्याच्या भाषेत पाहू. नळीचा व्यास ७.६२ मिलिमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४५.६ चौरस मिलिमीटर. शिखराच्या क्षणी गोळीच्या बुडावर सुमारे १,८५० किलो वजनाइतका रेटा असतो आणि तोंडाशी तो २८० किलोंवर येतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यातही गोळी ढकलली जातच असते, फक्त पूर्वीच्या जोराने नाही. म्हणून .३०८ मध्ये नळी वाढवली की वेग वाढतो, पण प्रत्येक पुढचा सेंटिमीटर मागच्यापेक्षा कमी देतो.

आता तुमच्या एका सेंटिमीटरची किंमत काढू. २,७३६ न्यूटन रेटा एक सेंटिमीटरभर लागला, तर काम होते सुमारे २७ जूल. गोळी ९.५ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला, तर तेवढ्या ऊर्जेने वेगात ३.६ मीटरची भर पडते. यातून घर्षण वजा करावे लागते. शिवाय वायूला स्वतःलाही गोळीमागे धावावे लागते. जळलेली दारू जवळपास तीन ग्रॅम असते आणि तिचे वजन कुठे नाहीसे झालेले नसते. ही वजाबाकी केली की हातात उरतात सेंटिमीटरमागे साधारण तीन मीटर. जुने नेमबाज ‘इंचाला पंचवीस फूट’ असा जो आडाखा सांगतात, तो हाच आहे. तुमच्या दहा सेंटिमीटरांचा अपेक्षित फरक त्यामुळे सेकंदाला २५ ते ३० मीटर इतका येतो.

एक गोष्ट लक्षात असू द्यावी. नळीची लांबी बंद बोल्टच्या (काडतुसाला मागून अडवणाऱ्या दट्ट्याच्या) तोंडापासून मोजतात, म्हणजे तिच्यात चेंबरही, म्हणजे काडतूस बसते ती जागाही, धरलेली असते. ६१ सेंटिमीटरच्या नळीत गोळीचा खरा प्रवास साधारण ५६ सेंटिमीटरांचाच होतो. तोंडावर बसवलेला ज्वालारोधक या लांबीत काहीच भर घालत नाही, कारण तो गोळीला धरून ठेवत नाही आणि वायूला मोकळा सोडतो.

शंकासुर

लेखन आवडले, पण दोन ठिकाणी अडखळलो. पहिली शंका अशी की सावकाश जळणारी दारू नळीच्या तोंडापर्यंत जळत राहते, म्हणून आखूड नळीसाठी चटकन जळणारी दारू वापरावी, असे सर्रास सांगितले जाते. तोंडाशी दिसणारी ज्वाळा म्हणजे न जळलेली दारूच ना? दुसरी शंका अशी की लांब नळीत गोळीला आट्यांवर, म्हणजे तिला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचांवर, जास्त फेरे मिळतात, त्यामुळे ती अधिक स्थिर होत असणार. तुमच्या हिशेबात याचा उल्लेख नाही.

दाबाचा_आलेख

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती लवकर मिटेल. .३०८ च्या नळीचा एक प्रचलित पीळ ३०.५ सेंटिमीटरला एक फेरा असा आहे. म्हणजे ६१ सेंटिमीटरच्या नळीत गोळी पुरते दोन फेरेही घेत नाही! स्थैर्य नळीत झालेल्या फेऱ्यांवर ठरत नाही. बाहेर पडताना ती सेकंदाला किती वेळा फिरते आहे, यावर ठरते, आणि तो आकडा वेग आणि पीळ यांच्या भागाकारातून येतो. ८०० भागिले ०.३०५ म्हणजे सेकंदाला २,६२० च्या आसपास फेरे. वेग ३० मीटरने घटला तर त्यातले सुमारे शंभर कमी होतात. पीळ गोळीला आधीच जेमतेम पुरत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी गोळीला याचा पत्ताही लागत नाही.

दारूविषयीचा समज मात्र चिवट आहे. रायफलच्या नेहमीच्या भरणीत दारूचा मोठा भाग दाबाच्या शिखराच्या आगेमागेच, नळीच्या पहिल्या टप्प्यात जळून गेलेला असतो. पुढे जे ढकलणे चालते, ते आधीच तयार झालेल्या तप्त वायूच्या प्रसरणाने. म्हणून लांब नळीत जी दारू सर्वाधिक वेग देते, तीच बहुधा आखूड नळीतही सर्वाधिक देते. दोन्हीकडचे आकडे कमी-जास्त असतात, क्रम सहसा बदलत नाही. तोंडाशी दिसणाऱ्या मोठ्या ज्वाळेत न जळलेल्या दाण्यांचा वाटा थोडा असतो. अपुरा प्राणवायू मिळालेले ज्वलनशील वायू बाहेरच्या हवेत मिसळून पुन्हा पेटतात, ते मुख्य कारण. आखूड नळीत हे वायू अधिक दाबाने आणि अधिक तापलेले असताना बाहेर येतात, म्हणून ज्वाळा मोठी आणि आवाज कानठळ्या बसवणारा होतो.

पन्नास_मीटर

मी .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाची नेमबाज आहे. आमच्याकडचे चित्र वरच्या हिशेबाहून इतके वेगळे आहे की ते इथे मांडल्यावाचून राहवत नाही.

आमच्या काडतुसात दारू असते ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि गोळीमागची जागा पाव घनसेंटिमीटरपेक्षाही कमी. त्या इवल्याशा जागेतला वायू ४० सेंटिमीटरच्या नळीत पसरतो, तेव्हा त्याचे आकारमान पन्नासपटीच्या घरात जाते. .३०८ चे काडतूस त्यामानाने प्रशस्त आहे. सुमारे साडेतीन घनसेंटिमीटर जागा आणि पुढे २५ घनसेंटिमीटरची नळी, म्हणजे वायू आठपटच पसरतो. त्यामुळे त्याच्यात तोंडापर्यंत दम उरतो आणि आमच्या वायूत उरत नाही. साधारण ४० ते ४८ सेंटिमीटरांच्या पलीकडे .२२ च्या गोळीला मागून मिळणारा रेटा आणि नळीचे घर्षण यांची बरोबरी होते, आणि त्यापुढची नळी तिला वेग देण्याऐवजी किंचित अडवूच लागते.

मोजपट्टी यांनी विचारलेल्या ‘सर्व काडतुसांत सारखेच का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ‘नाही’ असे आहे. काडतुसाचे पोट मोठे आणि नळीचे भोक त्यामानाने बारीक असेल, तर लांबी फळाला येते. मॅग्नम काडतुसांच्या रायफलींना ६६ सेंटिमीटरच्या नळ्या बसवतात, त्या याच कारणाने.

मग आमच्या स्पर्धेच्या रायफली इतक्या लांब का दिसतात, असे कोणी विचारेल. आम्ही ५० मीटरवर मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाची, सेकंदाला ३३० मीटरच्या आतली गोळी वापरतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डगमगू शकते. वेग आम्हाला नकोच असतो. लांबी हवी असते ती पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या, म्हणजे नेम धरण्याच्या दोन खुणांमधल्या, अंतरासाठी. साइटमध्ये ५० सेंटिमीटर अंतर असेल आणि पुढची साइट डोळ्याला एक मिलिमीटर सरकलेली दिसली, तर ५० मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर ८० सेंटिमीटर केले तर चूक सव्वासहा सेंटिमीटरवर येते. त्यासाठी नळीच्या तोंडावर पोकळ नळकांडे चढवतात. माझ्याही रायफलवर ते आहे. त्याच्या आत आटे नाहीत, गोळी त्याला शिवतही नाही. त्याचे काम पुढची साइट दूर धरून ठेवण्याचे. दहा मीटरच्या एअर रायफलमध्येही हीच युक्ती असते. प्रत्यक्ष आटेदार नळी सुमारे ४२ सेंटिमीटरची आणि बाहेरून दिसणारी नळी तिच्यापेक्षा बरीच लांब. नवख्यांना हे सांगितले की ते रायफलच्या तोंडात डोकावून खात्री करू पाहतात, आणि मग त्यांना आधी सुरक्षेचा पहिला धडा द्यावा लागतो.

शंकासुर

म्हणजे ‘लांब नळी अचूक’ ही समजूत साइटच्या अंतरातून आली आणि दुर्बीण बसवल्यावर तिच्यात अर्थ उरत नाही, असे समजायचे का?

पन्नास_मीटर

बऱ्याच अंशी होय. उलट त्याच जाडीची नळी आखूड असेल, तर ती अधिक ताठ असते. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते; ६१ ऐवजी ५१ सेंटिमीटर केल्यास त्याच जोराखाली वाकणे सुमारे ५८ टक्क्यांवर येते. मात्र नळीच्या तोंडाची कड एका बाजूला जरी दुखावलेली असेल, तरी ना लांबी उपयोगी पडते ना ताठपणा.

शस्त्रागार

हा वाद नवा नाही, म्हणून इतिहासातले एक उदाहरण देतो. ब्रिटिश सैन्याची लाँग ली-एनफिल्ड ७६७ मिलिमीटर नळीची होती. पायदळाला लांब आणि घोडदळाला आखूड अशा दोन वेगळ्या रायफली न देता सर्वांना एकच द्यावी, या विचाराने १९०३ मध्ये ६४० मिलिमीटर नळीची शॉर्ट ली-एनफिल्ड आली, तेव्हा लक्ष्यवेधाच्या जुन्या जाणकारांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. त्या वेळचे .३०३ मार्क ६ काडतूस १३.९ ग्रॅमची बोथट गोळी सेकंदाला सुमारे ६२८ मीटर वेगाने फेकत असे. १९१० मध्ये मार्क ७ आले, त्यात ११.३ ग्रॅमची टोकदार गोळी होती आणि वेग होता ७४४ मीटर. नळी सुमारे १३ सेंटिमीटरने आखूड करून जे गमावले, त्याच्या कितीतरी पट काडतूस बदलल्याने मिळाले. टीका ज्या रायफलवर झाली, तीच पुढे दोन महायुद्धांत वापरली गेली. जर्मन माउझरचेही तेच झाले. १८९८ च्या रायफलची नळी ७४० मिलिमीटरची आणि १९३५ च्या कराबिनर ९८-के ची ६००.

मात्र कापाकापीला मर्यादा असते, हेही ली-एनफिल्डच्याच घराण्याने दाखवले. १९४४ मध्ये त्याच .३०३ काडतुसासाठी नंबर ५ ही हलकी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, आली, तिची नळी ४७८ मिलिमीटरची होती. ज्वाळा झाकण्यासाठी तिच्या तोंडाला शंकूच्या आकाराचा ज्वालारोधक लावावा लागला, धक्क्याच्या तक्रारी झाल्या आणि नेम एका जागी राहत नाही, अशीही ओरड झाली. १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तक्रारींच्या त्या यादीत वेग कमी पडल्याची ओरड ठळक नाही, हे मला लक्षणीय वाटते. आखूड नळीची किंमत आधी कानाला, डोळ्याला आणि खांद्याला मोजावी लागते.

लहान व्यासाच्या वेगवान काडतुसात ही उतरण कशी तीव्र होते, ते ५.५६ मिलिमीटर नाटो काडतुसात दिसते. ५०८ मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला सुमारे ९४० मीटर, ३६८ मिलिमीटरच्या नळीतून ८९० च्या आसपास आणि २६२ मिलिमीटरच्या नळीतून ७९० च्या आसपास. पहिल्या टप्प्यात १४ सेंटिमीटर गेले आणि वेग पन्नासने उतरला. दुसऱ्यात साडेदहा सेंटिमीटरच गेले, तर तो शंभराने उतरला.

मोजपट्टी

सर्वांचे आभार. ३० मीटरचा अपेक्षित फरक समजला. पण ८०० ऐवजी ७७० म्हणजे लक्ष्यावर काय, हे अजून डोळ्यांसमोर येत नाही.

वाऱ्याचा_अंदाज

लांब पल्ल्याचा सराव करणारा म्हणून यावर लिहितो. वेगातला फरक वेगाच्या भाषेत वाचला की तो फसवतो. तो अंतराच्या भाषेत वाचावा. .३०८ ची ११.३ ग्रॅमची स्पर्धेची गोळी सेकंदाला ७९० मीटर वेगाने निघाली, तर सुरुवातीच्या टप्प्यात हवेच्या रोधामुळे ती मीटरमागे सुमारे ०.६ मीटर वेग गमावते. म्हणजे ३० मीटर वेग गमवायला तिला ५० मीटर अंतर लागते. आखूड नळीतून निघालेली गोळी म्हणूनच लांब नळीतून निघून ५० मीटर चालून आलेल्या गोळीसारखी आहे. तुमची ५१ सेंटिमीटरची रायफल घेतली की वेगापुरते लक्ष्य ५० मीटर मागे सरकले असे समजा.

या एका रूपांतरातून बाकीचे आपोआप उलगडते. ३०० मीटरवर, १०० मीटरला नेम जुळवलेला असताना, गोळी चार-पाच सेंटिमीटर जास्त खाली लागेल. चांगल्या रायफलचा गोळ्यांचा पुंजकाच त्या अंतरावर आठ-नऊ सेंटिमीटरचा असतो आणि दुर्बिणीची दोन-चार टिकटिक फिरवली की प्रश्न मिटतो. ही गोळी साधारण ९०० मीटरच्या आसपास ध्वनीच्या वेगाशी येते. आखूड नळीतून ती तिथे ५० मीटर आधी येईल. तुम्ही ३०० मीटरच्या आत सराव करत असाल, तर हा फरक विसरून जा. ९०० मीटरवर उतरणार असाल, तर मात्र तो विसरता येणार नाही, कारण नेमक्या त्याच टप्प्यात गोळीची वागणूक बेभरवशाची होते आणि वाराही तिला अधिक ढकलतो.

शंकासुर

इतका सारा हिशेब मान्य केला, तरी धागाकर्त्यांच्या मूळ निरीक्षणाला उत्तर मिळालेलेच नाही. ३० मीटरचा फरक यायला हवा होता, तो आला नाही. मग सूत्र चुकले की क्रोनोग्राफ?

अर्धविराम

दोन्हींपैकी एकालाच दोषी धरण्याची घाई करू नये. मोजमाप हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे या धाग्यात इतका उशिरा शिरलो तरी चालेल असे वाटते.

पहिली गोष्ट नळ्यांची. एकाच लांबीच्या, एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांतून तीच काडतुसे झाडली, तरी वेगात सेकंदाला पंधरा-वीस मीटरचा फरक पडणे मुळीच नवलाचे नाही. आतला व्यास केसभर अधिक, चेंबर किंचित मोठे, आट्यांची सुरुवात जरा पुढे, पृष्ठभाग जरा खरखरीत. यांतले काहीही पुरते. तुम्ही दोन लांब्यांची तुलना केलीत असे तुम्हाला वाटते, पण केलीत दोन रायफलींची. लांबीचा शुद्ध परिणाम पाहायचा असेल, तर तीच एक नळी टप्प्याटप्प्याने कापत जाऊन, दर वेळी तोंडाची कड नीट करून मोजावे लागते. तो परवानाधारक कारागिराच्या कार्यशाळेतला प्रयोग आहे.

दुसरी गोष्ट मोजणीची. दहा गोळ्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखार, पाच मीटर असेल, तर सरासरीतील अनिश्चितता सुमारे १.६ मीटर येते आणि दोन सरासऱ्यांच्या फरकातील २.२ मीटर. म्हणजे ३० मीटरचा फरक खरोखर असता, तर तो दहा गोळ्यांत लपून राहिला नसता. म्हणून विचारतो: यंत्र तोंडापासून किती अंतरावर होते? प्रकाशपडद्यांचे यंत्र अगदी जवळ असेल, तर आखूड नळीच्या तोंडातून निघणारा वायूचा झोत गोळीच्या आधी पडदा हलवतो आणि यंत्राला गोंधळात पाडतो. आधी कोणती रायफल झाडली? दुसरीच्या वेळी काडतुसे उन्हात पडून होती का? दारू तापली की दाब वाढतो आणि त्याबरोबर वेगही.

मोजपट्टी

अर्धविराम, तुमचा एकेक प्रश्न वाचताना मान खाली जात होती. यंत्र तोंडापासून जेमतेम मीटरभरावर होते. लांब नळीची रायफल सकाळी आधी झाडली, आखूड नंतर, आणि तोवर काडतुसांचे खोके उघड्या बाकावर तापत होते.

काल पुन्हा मोजले. यंत्र चार मीटरवर नेले, काडतुसे सावलीत झाकून ठेवली आणि पाच गोळ्या एकीतून, पाच दुसरीतून असे आळीपाळीने चार फेऱ्यांत वीस-वीस गोळ्या झाडल्या. या वेळी लांब नळी प्रत्येक फेरीत पुढे राहिली. फरक आला वीस मीटरच्या थोडा आत.

शंकासुर

अभिनंदन. पण हिशेबातले उरलेले दहा मीटर कुठे गेले?

अर्धविराम

ते बहुधा त्या दोन नळ्यांच्या घडणीत आहेत. पक्के सांगायचे, तर मोजपट्टी यांच्या ६१ सेंटिमीटरच्या नळीतून दहा सेंटिमीटर कापून पुन्हा मोजावे लागेल.

मोजपट्टी

सरावाची मर्यादा ३०० मीटर आहे, त्यामुळे आखूड रायफल ठेवावी असे ठरवले आहे. लांब नळीची रायफल ज्यांच्याकडून आणली, त्यांना ती पुढच्या आठवड्यात परत करायची आहे, आणि ती त्यांना ६१ सेंटिमीटरचीच हवी असावी.